अमेरिकन नाटक आणि आडनावाचा प्रश्न

देवणी हे नाव बाहेरच्या माणसाला ठाऊक असते ते बैलामुळे. लातूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, कर्नाटकाच्या हद्दीजवळ असलेले हे तालुक्याचे गाव. इथल्या गोवंशाचे वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तीन प्रकार मानतात. माझा बा सालगडी होता. जनावराच्या तोंडावरचे काळे-पांढरे पाहून तो प्रकार सांगायचा आणि बाजारात त्याचा शब्द मानला जायचा. बैल विकला गेला की मालकाच्या ओसरीखाली त्याला चहाही मिळायचा, पण कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या कपातून. बैलाची जात ओळखणारा हा माणूस स्वतःच्या जातीपाशी येऊन गप्प व्हायचा.

त्या घरातला मी पहिला पदवीधर. इंग्रजी विषय घेतला तो साहित्याच्या ओढीने नव्हे; इंग्रजीच्या मास्तराला नोकरी लागते असे ऐकले होते म्हणून. नोकरी लागण्यापूर्वी सात वर्षे तासिका तत्त्वावर घासावे लागले, ती गोष्ट वेगळी. सध्या मी पदवीच्या मुलांना अमेरिकन नाटक शिकवतो. मी शिकलो तेव्हा या नाटकाचे चार खांब सांगितले जात : युजीन ओनील, टेनेसी विल्यम्स, आर्थर मिलर आणि एडवर्ड ऑल्बी. मी ते उतरवून घेतले आणि पुढे पाच-सहा वर्षे तसेच मुलांना उतरवून दिले. 'अमेरिकन स्वप्न' म्हणजे काय, टीप लिहा. 'डेथ ऑफ अ सेल्समन' ही शोकांतिका होय किंवा कसे, चर्चा करा. मुले लिहीत, मी तपासत असे.

एकदा 'सेल्समन' शिकवत होतो. विली लोमन पंचवीस वर्षे घराचे हप्ते भरतो आणि घर मोकळे होते त्याच वेळी मरतो, एवढे सांगून झाले. मुलांना विली कळतो. बियाण्यांच्या, खतांच्या कंपन्यांची पिशवी खांद्याला लावून गावोगाव फिरणारे भाऊ, चुलते त्यांच्या घरात आहेत. हप्ता काय असतो हे त्यांना मी सांगावे लागत नाही. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, विली लोमनला घर घेताना आडनाव नव्हतं का विचारलं कुणी?"

वर्ग हसला. मीही हसलो असेन. ती हसली नाही. धाकट्या भावाच्या शिकवणीसाठी लातूरला खोली पाहायला ती आईबरोबर गेली होती. चार ठिकाणी खोली रिकामी होती, भाडे ठरत होते, आणि आडनाव सांगितल्यावर खोली कालच गेल्याचे घरमालकांना आठवत होते. मला हे नवे नव्हते. मीही एका शहरात असाच हिंडलो होतो. पण माझ्या हातात अमेरिकन नाटकाचे पुस्तक असताना हा प्रश्न त्या पुस्तकाला विचारायचा असतो, हे मला तोवर सुचले नव्हते. विली लोमनला कोणी आडनाव विचारले नाही. अमेरिकेत ते कोणाला विचारले जात होते? आणि त्यांनी त्यावर नाटक लिहिले की नाही? या प्रश्नाच्या मागे लागलो तेव्हा चार खांबांचा मांडव वेगळाच दिसू लागला.

इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अमेरिकेतील काळ्या माणसाशी आपले नाते विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाने जोडलेले नाही. ते त्याच्या किती तरी आधीचे आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले. काळ्या लोकांची वस्ती असलेले हार्लेम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षणाचे दार जवळजवळ बंदच असलेल्या आमच्या मराठवाड्यात १९५० साली त्यांनी महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेले. तिथे प्राचार्य म. भि. चिटणीस होते. पुढे डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि तिथल्या काळ्या लेखकांची चर्चा नागसेनवनात सुरू झाली. गंगाधर पानतावण्यांच्या 'अस्मितादर्श'ने ती चर्चा गावोगावच्या पोरांपर्यंत नेली. लातूरला इंग्रजीचे प्राध्यापक आणि प्राचार्य असलेल्या जनार्दन वाघमारे यांनी 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हा ग्रंथ मराठीत आणला, हेच वाघमारे १९९४ मध्ये नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. म्हणजे ज्या विद्यापीठाखाली मी शिकवतो, त्याचा पहिला कुलगुरूच काळ्यांच्या साहित्यावर ग्रंथ लिहिणारा. आणि मी त्याच प्रदेशात चार गोऱ्या खांबांची टिपणे वाटत होतो! दोष अभ्यासक्रमाचा थोडा आणि माझा जास्त.

आता नाटकाकडे येऊ.

अमेरिकेत काळ्या माणसाला वेगळे ठेवणाऱ्या कायद्यांना 'जिम क्रो' म्हणत, हे आपल्या चळवळीतल्या बहुतेकांना माहीत असते. जिम क्रो हे मुळात नाटकी पात्र आहे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. १८३० च्या सुमारास थॉमस राइस नावाचा गोरा नट तोंडाला काळे फासून, फाटके कपडे घालून, वेडेवाकडे नाचत काळ्या माणसाची नक्कल करी. त्या पात्राचे नाव जिम क्रो. लोक पोट धरून हसले, आणि पुढे जेव्हा रेल्वेचे डबे, शाळा, पाणवठे वेगळे करणारे कायदे झाले तेव्हा हेच नाव त्यांना चिकटले. रंगभूमीवरचे हसणे आधी आले, कायदा मागून आला. पुढे खुद्द काळ्या नटांनाही पोटासाठी तोंडाला काजळी फासून रंगमंचावर यावे लागले. बर्ट विल्यम्स हा त्यातला सर्वांत नामांकित. काळाच माणूस, पण प्रेक्षकांना हवा तसा काळा दिसण्यासाठी त्याला वरून काळे लावावे लागे.

आपल्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. तमाशाच्या बोर्डावर कोण नाचले आणि समोर फेटा उडवत कोण बसले, हे आपण जाणतो. कला आमची, दौलतजादा त्यांची. म्हणूनच सत्यशोधक जलशांनी आणि पुढे भीमराव कर्डक आदींच्या आंबेडकरी जलशांनी तमाशाचा सांगाडा घेतला पण आतला ऐवज बदलला. डफ तोच, त्यावरचा शब्द दुसरा.

आणखी एक जुळणी मला फार मोलाची वाटते. फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले १८५५ साली. गरोदर कुणबी बाईला आणि तिच्या नवऱ्याला ग्रहदशेची भीती घालून लुबाडणारा जोशी, आणि शेवटी शाळेची वाट धरणारे ते जोडपे. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले. ते छापून लोकांपुढे यायला १९७९ साल उजाडले. तिकडे विल्यम वेल्स ब्राउन या पळून सुटलेल्या गुलामाने 'द एस्केप' हे नाटक १८५८ मध्ये छापले. अमेरिकेतील काळ्या लेखकाचे ते पहिले प्रकाशित नाटक मानतात. त्यालाही रंगमंच मिळाला नाही. गुलामगिरीविरोधी सभांतून तो ते एकटाच सगळ्या पात्रांच्या आवाजात वाचून दाखवी. तीन वर्षांच्या अंतराने पृथ्वीच्या दोन टोकांना दोन माणसे नाटक लिहितात आणि दोघांनाही पडदा वर जायची वाट पाहावी लागते. आधुनिक अमेरिकन नाटकाचा इतिहास ओनीलपासून सुरू करणाऱ्या टिपणांत ब्राउन नसतो, तसे मराठी नाटकाच्या पुष्कळ जुन्या इतिहासांत फुले नव्हते.

ओनील मोठा नाटककार होता यात शंका नाही. १८८८ मध्ये न्यूयॉर्कच्या नाटकगृहांच्या वस्तीत, हॉटेलात तो जन्मला. बाप लोकप्रिय नट. बाप ज्या रंगीबेरंगी मनोरंजनावर जगला त्याला मुलाने नकार दिला. खलाशी, भट्टीवाले, दारुडे यांना त्याने रंगमंचावर आणले. १९३६ चे नोबेल त्याला मिळाले. पण मला बोलायचे आहे ते त्याच्या १९२० च्या 'द एम्परर जोन्स'विषयी. ब्रूटस जोन्स हा रेल्वेच्या डब्यात हमाली करणारा काळा माणूस खून करून तुरुंगातून पळतो आणि एका बेटावर राजा होऊन बसतो. लोक उठतात तेव्हा तो जंगलात पळतो. दूरवर ढोल वाजत राहतो. अंधारात त्याला आधी स्वतःचे गुन्हे दिसतात, मग गुलामांचा लिलाव, मग गुलामांनी भरलेले जहाज, मग आफ्रिकेतला मांत्रिक. रात्रभर पळून तो जिथून निघाला तिथेच येतो आणि मरतो.

ही मुख्य भूमिका चार्ल्स गिल्पिन या काळ्या नटाने केली. गोऱ्या नटाने तोंड काळे करून नव्हे, काळ्या माणसाने. न्यूयॉर्कच्या गोऱ्या प्रेक्षकांसमोर इतक्या मोठ्या गंभीर नाटकाचा भार एका काळ्या नटावर असणे ही तेव्हा अपूर्व गोष्ट होती. गिल्पिनने त्याआधी पोटासाठी लिफ्ट चालवण्यासारखी कामे केलेली. नाटक गाजले. १९२१ मध्ये एका नाट्यसंस्थेने सन्मानितांच्या मेजवानीतून त्याला वगळण्याचा घाट घातला तेव्हा ओनील त्याच्या बाजूने उभा राहिला, हे नोंदवलेच पाहिजे.

पण पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. नाटकाच्या संहितेत काळ्या माणसाला हिणवणारा तो शब्द पुन्हा पुन्हा येतो, आणि तो जोन्सच्याच तोंडी आहे. गिल्पिन प्रयोगात तो शब्द गाळू लागला, त्याजागी दुसरे शब्द घालू लागला. ओनील संतापला. लेखकाच्या शब्दाला नटाने हात लावायचा नाही! पुढे लंडनच्या प्रयोगासाठी गिल्पिनला घेतले नाही, ती भूमिका पॉल रॉबसनकडे गेली. गिल्पिन १९३० मध्ये वारला. ओनीलने उतारवयात, आपल्या मनातली पात्रे खरी करणाऱ्या मोजक्या नटांत त्याचे नाव घेतले. पण तेव्हा ते ऐकायला गिल्पिन नव्हता.

मी ही हकीकत वर्गात सांगितली तेव्हा मुलांत वाद झाला. एक जण म्हणाला, लेखकाचे बरोबर. शब्द बदलले तर नाटक कोणाचे? दुसरा म्हणाला, तो शब्द रोज रात्री स्वतःच्या तोंडाने स्वतःलाच म्हणायचा, हे ओनीलला कधी करावे लागले का? मी दुसऱ्याच्या बाजूचा आहे. 'संहितेचे पावित्र्य' हा शब्द आपण फार ऐकलेला आहे. ज्याच्या अंगावर शब्द पडतो त्याने तो गाळला, तर त्याला मी अडाणीपणा म्हणणार नाही, समीक्षा म्हणेन.

१९२४ मध्ये ओनीलचेच 'ऑल गॉड्स चिलन गॉट विंग्ज' आले. काळा जिम आणि गोरी एला यांचे लग्न. गोरी नटी काळ्या नटाच्या हाताचे चुंबन घेणार, एवढ्यावर वर्तमानपत्रांत वणवा पेटला, धमक्यांची पत्रे आली. पहिल्या प्रवेशात काळी-गोरी लहान मुले एकत्र खेळताना दाखवायची होती. महापौराच्या कार्यालयाने बालनटांना परवानगीच दिली नाही. तो प्रवेश दिग्दर्शकाने नुसता वाचून दाखवला आणि नाटक पुढे सुरू केले. मुलांनी एकत्र खेळू नये यासाठी सरकारी कागद निघतो, हे आमच्या वर्गाला समजावून सांगावे लागले नाही.

आता 'एम्परर जोन्स'च्या शेजारी चिटणिसांचे 'युगयात्रा' ठेवून पाहा. मिलिंदमध्ये १९५५ साली बाबासाहेबांच्या उपस्थितीत ते झाले. १९५६ साली नागपूरला धर्मांतराच्या वेळी अफाट जनसमुदायापुढे झाले. अस्पृश्यतेचे दुःख एका कुटुंबात, एका गावात मावणारे नाही, त्याला युगे लागतात, म्हणून नाटकच युगांतून चालते. ओनीलही युगांतून चालतो, पण उलटा. त्याचा जोन्स मागे मागे जातो. इतिहास त्याला जखडून ठेवणारी भीती आहे, आणि शेवटी जंगल त्याला गिळते. काळ्या माणसाने राजाचा अंगरखा घातला तरी आत तो ढोलाला भिणाराच, असे काहीतरी त्या नाटकाच्या तळाशी आहे आणि मला ते सलते. 'युगयात्रा' बघायला नागपूरला जमलेले लोक भिण्यासाठी जमलेले नव्हते. आपण कुठून आलो हे पाहून ते पुढे निघाले होते. कलेच्या तराजूत ओनीलचे पारडे जड भरेल, मी नाही म्हणत नाही. पण इतिहास कोणाच्या पायाने चालायचा, याचे उत्तर मला चिटणिसांकडे मिळते.

विल्यम्स आणि ऑल्बी यांच्यापाशी मी फार थांबत नाही. विल्यम्सच्या 'स्ट्रीटकार'चे तेंडुलकरांनी 'वासनाचक्र' केले. मोडलेल्या माणसाविषयीची त्याची कणव खरी आहे. पण ब्लांशचे हरवलेले वडिलोपार्जित घर ज्यांच्या घामावर उभे होते ती माणसे तिच्या आठवणीत कडेलाच राहतात. ऑल्बीने बेसी स्मिथ या काळ्या गायिकेच्या मृत्यूवर नाटक लिहिले आणि त्यात बेसी रंगमंचावर येतच नाही. गोऱ्यांच्या इस्पितळाचे दार दिसते, ती बाहेरच राहते. हे त्याने जाणून केले, आणि मला ते प्रामाणिक वाटते.

मिलर मात्र मला जवळचा वाटत आलेला आहे, आजही. ज्यू स्थलांतरितांच्या घरातला, बापाचा कोटांचा कारखाना मंदीत बुडालेला. १९४९ च्या 'सेल्समन'मध्ये त्याने साधा विक्रेता शोकांतिकेचा नायक केला, राजेरजवाड्यांची ती मक्तेदारी मोडली. १९५६ मध्ये सरकारी समितीने इतरांची नावे सांगायला सांगितले तेव्हा त्याने नावे दिली नाहीत. शिक्षा झाली, ती वरच्या कोर्टात १९५८ मध्ये रद्द झाली. तासिका तत्त्वावर असताना, दर वर्षी जूनमध्ये नेमणुकीच्या कागदासाठी एका कार्यालयाबाहेर बसलेला मी, साहेबासमोर पगार कमी कमी करत नेणाऱ्या विलीला विसरू शकत नाही. पण विलीचे घर त्याला मिळाले होते. ब्रुकलिनमध्ये हप्त्याने का होईना, घर विकत घेताना तो कोणत्या जातीचा आहे हे दारावर अडले नव्हते. माझ्या विद्यार्थिनीने नेमके तेच पाहिले होते.

तिच्या प्रश्नाचे उत्तर अमेरिकन रंगभूमीने दहा वर्षांनी दिले. ११ मार्च १९५९ ला 'अ रेझिन इन द सन' ब्रॉडवेवर आले. लोरेन हॅन्सबेरी ही ब्रॉडवेवर नाटक होणारी पहिली काळी लेखिका. लॉइड रिचर्ड्स हा तिथला पहिला काळा दिग्दर्शक, आणि प्रमुख भूमिकेत सिडनी पॉइटिए. शिकागोच्या कोंदट खोल्यांत राहणारे यंगर कुटुंब. राबून राबून मेलेल्या बापाच्या विम्याचे दहा हजार डॉलर येणार आहेत. मुलगा मोटारचालक, त्याला धंदा काढायचा आहे. मुलीला डॉक्टर व्हायचे आहे. आई त्या पैशातून गोऱ्यांच्या वस्तीतल्या एका घराचा विसार देऊन येते. मग त्या वस्तीतला एक सभ्य माणूस दारात येतो. शिवी नाही, काठी नाही. तुम्ही चांगली माणसे आहात, आमचे काही नाही, पण लोकांचे म्हणणे आहे. घर आम्हालाच परत विका, तुम्हाला चार पैसे जास्त देतो.

हे हॅन्सबेरीने कल्पनेने लिहिलेले नव्हते. तिचा बाप कार्ल हॅन्सबेरी याने १९३७ मध्ये शिकागोत गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतले. त्या वस्तीतल्या मालकांनी आपसांत करार केलेला होता : काळ्याला घर विकायचे नाही, भाड्यानेही द्यायचे नाही. जमाव घरापुढे आला, भिरकावलेला दगड लहानग्या लोरेनच्या डोक्यापासून थोडक्यात चुकला. खटला देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९४० मध्ये हॅन्सबेरी जिंकले. पण जिंकले ते तांत्रिक मुद्द्यावर. असले करार न्यायालये अमलात आणणार नाहीत हे ठरायला १९४८ उजाडले. तोवर कार्ल हॅन्सबेरी जिवंत नव्हता. अमेरिकेला कंटाळून तो मेक्सिकोत बिऱ्हाड हलवायच्या तयारीत होता, तिथेच १९४६ मध्ये वारला. लोरेनही १९६५ मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेली.

हे वाचताना मला बडोदा आठवले. कोलंबिया आणि लंडनहून शिकून आलेले बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाले आणि त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी जिन्याने वर आले. ही हकीकत त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहिली आहे. जगातल्या दोन थोर विद्यापीठांत शिकलेल्या माणसाला खोलीसाठी आडनाव बदलावे लागते! शिकागोत कातडीवरून कळत होते, बडोद्यात विचारावे लागत होते, एवढाच फरक. काळा माणूस दारात उभा राहिला की प्रश्न संपतो. आपल्याकडे मात्र माणूस आत येतो, पाणी पितो, भाडे ठरते, आणि मग प्रश्न सुरू होतो. यातले अधिक क्रूर काय, यावर माझे मत मी वर्गात सांगत नाही.

हॅन्सबेरीनंतर लिरॉय जोन्स येतो, पुढचा अमिरी बराका. त्याच्या १९६४ च्या 'डचमन'मध्ये भुयारी रेल्वेत एक गोरी बाई एका सुशिक्षित काळ्या तरुणाला चाळवते, त्याच्या कोटटायची चेष्टा करते, आणि त्याच्या आतला संताप बाहेर पडताच त्याला भोसकते. मॅल्कम एक्सच्या खुनानंतर १९६५ मध्ये बराका गोऱ्यांची रंगभूमी सोडून हार्लेममध्ये गेला. आपल्याकडच्या १९७२ च्या पँथरच्या पिढीला हा आवाज ओळखीचा वाटला असता. मला त्यातला राग पटतो. त्यातल्या बायका पटत नाहीत.

ऑगस्ट विल्सनवर मात्र थांबले पाहिजे. विसाव्या शतकातल्या दर दशकाचे एक, अशी काळ्यांच्या जीवनाची दहा नाटके त्याने लिहिली. त्यांपैकी 'फेन्सेस'ला १९८७ चे पुलित्झर मिळाले. ट्रॉय मॅक्सन हा कचरा उचलणारा कामगार. गाडीवर गोरे चालक आणि मागे कचरा उचलायला काळे, असे का, हे तो साहेबाला विचारतो आणि चालक होतो. हाच ट्रॉय घरी मात्र मुलाची फुटबॉलची शिष्यवृत्ती मोडतो. खेळाने मला काय दिले, हे त्याचे कारण. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. बारावीनंतर बा मला म्हणाला होता, शिकून कोण तुला खुर्ची देतंय, मालकाला बोललोय, साल धर. मी वर्षभर त्याच्याशी नीट बोललो नाही. तो माझा शत्रू नव्हता, तो भ्यालेला होता, हे मला पिट्सबर्गच्या एका कचरा कामगाराने सांगितले. बा तोवर गेला होता.

विल्सनने १९९६ मध्ये प्रिन्स्टनला नाट्यकर्मींपुढे भाषण केले. फक्त काळे नट घेऊन 'सेल्समन' करणे हा आमच्या अस्तित्वाचा अपमान आहे, आम्हाला आमची नाटके आणि आमची नाट्यगृहे हवीत, असा त्याचा रोख. असा 'सेल्समन' बाल्टिमोरला १९७२ मध्येच झाला होता, आणि विल्सनच्या मृत्यूनंतर २०१९ मध्ये लंडनला, २०२२ मध्ये ब्रॉडवेवर वेंडेल पिअर्सने काळा विली उभा केला. वाद मिटलेला नाही. आपल्याकडेही तो आहेच : प्रस्थापितांच्या नाटकात आपण जायचे की आपले वेगळे लिहायचे? मला वाटते हा प्रश्न ज्यांच्याकडे नाट्यगृहे आहेत त्यांना परवडतो. आमच्या तालुक्यात नाट्यगृहच नाही. जे हाती लागेल त्याला आम्ही आमचे अंग देणार, आणि आमचेही लिहिणार.

आमचे लिहिणारे आहेत. नांदेडच्या दत्ता भगतांचे 'वाटा-पळवाटा' मी 'रेझिन'नंतर लगेच वाचायला देतो. त्यातही एक घर आणि तीन पिढ्या : बाबासाहेबांच्या काळात घडलेले काका, प्राध्यापक सतीश, आणि रस्त्यावर उतरलेला अर्जुन. सतीशची बायको हेमा ब्राह्मण. हॅन्सबेरीच्या घरात प्रश्न आहे घर मिळण्याचा. भगतांच्या घरात प्रश्न आहे घर मिळाल्यानंतरचा. मुलांना अर्जुन आवडतो. मी सतीशच्या ओळी वाचायला दुसऱ्याला देतो, कारण त्या मला मोठ्याने वाचवत नाहीत. पगार, फ्लॅटचा हप्ता, चळवळीची वर्गणी आणि सभेला न जाण्याची कारणे, हे सगळे त्याच्यात आहे आणि माझ्यातही आहे.

यंदा मुलांनी 'रेझिन'चा शेवटचा भाग वर्गापुरता मराठीत करायला घेतला आहे. शिकागोचे लातूर झाले. आईच्या हातातली खिडकीतली कुंडी तुळशीची करायची नाही यावर लगेच एकमत झाले. ती कोरफडीची झाली. यंगर कुटुंबाचे आडनाव काय ठेवायचे यावर दोन तास गेले. कोणी कांबळे म्हणाले, कोणी सूर्यवंशी म्हणाले, म्हणजे घरमालकाला आधी कळणारच नाही. शेवटी तीच मुलगी म्हणाली, "माझंच लावा, सर. मला पाठ आहे ते कसं सांगायचं."

अडले आहे ते दारात येणाऱ्या त्या सभ्य माणसापाशी. प्रत्येकाने आपला आपला माणूस आणला. कोणी सोसायटीचा सेक्रेटरी, कोणी दलाल, कोणी घरमालकीणबाई, एकाने तर आपल्या शाळेतले मास्तर. बोलणे सगळ्यांना येते : "आम्हाला तसं काही नाही हो, पण वरच्या मजल्यावर म्हातारी माणसं आहेत." त्या पात्राला आडनाव द्यायचे की नाही, यावर वर्गाचे अजून ठरलेले नाही.